टॉनिक नको, आधी ऊन मोजा

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून कामाचा भाग तेवढा देतो:

‘आमचं दोन पिढ्यांचं कुळागर आहे. पोफळी, मधेमधे माड, पोफळींवर मिरी, खाली केळी, अननस, हळद, सुरण. कडेने फणस, पांगारे, एक जुना मानकुराद आंबा आणि सासऱ्यांनी लावलेली जायफळं. गेली काही वर्षं केळीचे घड लहान होत चाललेत. मिरी फक्त शेंड्याकडे लागते, खाली वेल नुसता हिरवागार. मानकुराद एक वर्षाआड धरतो. दीर म्हणतात, झाडांना एनर्जी कमी पडतेय. त्यांनी दुकानातून टॉनिक आणलंय, पाव लिटरची बाटली, पंपाला ३० मिली. शिवाय युरिया वाढवूया म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, गुळाचं पाणी मुळात ओता, त्यांच्या माहेरी ओतायचे. श्रावणात आणि चवथीला आम्ही केळीची नि हळदीची पानं बाजारात देतो, तेवढेच चार पैसे. मी बी.कॉम. झालेली, शेती लग्नानंतर शिकले. झाडाची एनर्जी म्हणजे नक्की काय, आणि ती द्यायची कशी, हे एकदा नीट सांगाल का? आणि एक रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, तीन माड सुरासाठी (माडीसाठी) मागतोय. द्यावेत का?’

ताई, बाटली अजून फोडली नसेल तर दुकानात परत द्या. फोडली असेल तर असू दे, दुसरी आणू नका.

तुमच्या दिरांचं निदान मला पत्रावरून बरोबर वाटतं. झाडांना ऊर्जा कमीच पडतेय. घोळ आहे तो ती येते कुठून याबद्दल. हिरव्या झाडाला ऊर्जा मिळते ती पानावर पडणाऱ्या उजेडातून, दुसरीकडून कुठूनही नाही. मुळांतून पाणी येतं, क्षार येतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पानाच्या बारीक रंध्रांतून आत शिरतो. उजेडाच्या जोरावर पान पाणी फोडतं, त्यातला हायड्रोजन त्या कार्बनाला जोडून साखर बनवतं आणि नको असलेला ऑक्सिजन बाहेर सोडून देतं. उजेडाची ऊर्जा आता त्या साखरेत अडकली. पुढे झाडाचं खोड, मूळ, फूल, फळ, सगळा कारभार या साखरेवर चालतो. तुमचा, माझा आणि मिरीवर येऊन बसणाऱ्या बुलबुलाचाही.

तुम्ही बी.कॉम. आहात, म्हणून आधी हिशेबच करू. पाव लिटरच्या बाटलीत काठोकाठ शुद्ध साखर भरली आहे असं धरा. २५० ग्रॅम साखर म्हणजे १,००० किलोकॅलरी. आता केळीचा १५ किलोचा एक घड घ्या. सोलून नऊ किलोच्या आसपास गर निघतो आणि पिकल्या गरात १०० ग्रॅममागे साधारण ९० किलोकॅलरी असतात. म्हणजे झाल्या ८,००० च्या वर. एका घडाला आठ बाटल्या, त्याही नुसत्या साखरेच्या, आणि यात खोड, पानं, मुळं नि गड्डा धरलेलाच नाही! दुकानदार मात्र पंपभर पाण्यात ३० मिली टाका म्हणतो आणि तेवढ्यात निम्मं कुळागर उरकतं. बाटलीत सूक्ष्म अन्नद्रव्यं असतील, समुद्री शेवाळाचा अर्क असेल, अमिनो आम्लं असतील. एखादं अन्नद्रव्य तुमच्या जमिनीत खरंच कमी असेल तर त्याचा उपयोगही दिसेल. पण त्याला एनर्जी म्हणून विकणं ही चलाखी आहे.

आता युरियाचं. झाड माती खाऊन वाढतं ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या वैद्याने ती तपासायची ठरवली. सुमारे ९० किलो वाळवलेली माती मोठ्या कुंडीत भरली, दोन-सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७७ किलोच्या आसपास. माती परत वाळवून तोलली तर घटली होती साधारण ५७ ग्रॅम. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे छापून आलं. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. हवेकडे त्याचं लक्षच गेलं नाही. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने रूढ केला, आणि कोळसा जाळल्यावर निघणारा वायू त्याने ओळखला होता. हिरव्या भागाला उजेड लागतो, अंधारात हे काम बंद पडतं, हे यान इंगेनहौस याने १७७९ मध्ये दाखवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

हे तुम्हाला घरीही दिसतं. वाळकी झावळी चुलीत घाला आणि मागे उरलेली राख बघा. झावळीत जमिनीतून आलेलं होतं ते जवळपास तेवढंच, नत्र तेवढं धुराबरोबर गेलं. बाकी सगळं हवा आणि पाणी. वाळलेल्या झाडाच्या वजनात कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन हे तिघेच शंभरातले नव्वदहून जास्त भाग व्यापतात.

मग खत कशाला? खत म्हणजे चूल-भांडी, तांदूळ नव्हे. नत्र लागतं ते हरितद्रव्य बनवायला आणि कार्बन पकडणारं विकर बनवायला. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. स्फुरद लागतो एटीपी नावाच्या रेणूसाठी, आणि पेशीतलं प्रत्येक काम, मग ते मूळ लांबवणं असो की साखर ओढून नेणं, याच रेणूमार्फत होतं. हे सगळं हवंच. आपल्या जांभ्याच्या जमिनी आम्लधर्मी, पावसाने धुतलेल्या, त्यात मॅग्नेशियम बऱ्याचदा कमी. पोफळीच्या किंवा माडाच्या जुन्या झावळ्या शिरांमधे पिवळ्या पडत असतील तर तिकडे बघायला हवं. त्यासाठी जुने गोवे, एला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून माती तपासून घ्या. पण उजेडच नसेल तर भांडी वाढवून भात वाढत नाही. उलट दाट सावलीत युरिया जास्त झाला की पानं लुसलुशीत, मऊ होतात आणि किडीला आयतं जेवण मिळतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: मिरी फक्त शेंड्याकडे लागते. वेल तोच, मूळ तेच, खत-पाणी तेच. वर घोस, खाली नुसती पानं. वर आणि खाली यांत फरक असेल तर उजेडाचा. तुमच्या वेलानेच तुमच्यासाठी प्रयोग करून ठेवलाय, आणखी वेगळी परीक्षा कशाला?

निरोगी हिरवं पान त्याच्यावर पडलेल्या उपयोगी उजेडातला शंभरातला ऐंशी ते नव्वद भाग स्वतःकडे ठेवून घेतं. उरतो दहा-वीस. त्याच्या खाली दुसरं पान आलं की उरतो एक ते चार. तिसऱ्याच्या वाट्याला नावालाच. शिवाय वरची पानं तांबडा नि निळा उजेड निवडून घेतात आणि खाली सोडतात तो हिरवा, आणि आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा. या उष्ट्या उजेडाची झाडाला पारख असते. डोक्यावर कुणीतरी आहे हे त्याला त्यावरून कळतं, आणि ते फळाचं राहू देऊन उंच व्हायच्या मागे लागतं. तुमच्या केळी उंच, लांब देठांच्या आणि बारीक घडाच्या झाल्या असणार. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बघा जाऊन.

जुन्या कुळागरांची रचना हे जाणूनच झालेली होती. माडाची आणि पोफळीची पानं पिसासारखी चिरलेली, वाऱ्यावर हलणारी. त्यांच्यातून कवडसे सतत खाली पडतात आणि सरकत राहतात, त्यामुळे खालच्या केळीला दिवसभरात थोडं थोडं का होईना, खरं ऊन मिळतं. फणस आणि जायफळ यांचं तसं नाही, ती गच्च झाडं. सासऱ्यांनी लावली तेव्हा कमरेएवढी होती. आज त्यांचा घेर किती झालाय? कुणाचं काही चुकलं नाही, झाडं वाढली इतकंच.

तर पहिलं काम, ऊन मोजा. यंत्र नको. स्वच्छ आभाळाच्या दिवशी बारा ते एकच्या दरम्यान जुनं पांढरं धोतर किंवा चादर घेऊन कुळागरात जा. केळीच्या ओळीत पसरा आणि त्यावर कवडसे किती पडतात ते बघा. पानांतून झिरपलेला हिरवट उजेड कवडशात धरायचा नाही, लख्ख ठिपका दिसला तरच धरायचा. माझा ठोकताळा असा: निम्मं कापड उजळलं तर केळ खुशाल लावा, पाव उजळलं तर ती कशीबशी जगेल, त्याहूनही कमी असेल तर तिथे केळ लावण्याचा हट्ट सोडा. पाच-सहा ठिकाणी पसरून बघा आणि कागदावर कुळागराचा नकाशा काढून खुणा करा. दिरांना सोबत न्या. ते बाटलीवरून आपोआप खाली येतील.

मग कोयता. वेळ आत्ताचीच, मृगाच्या आधीची. मिरीला फुलोरा येतो तो पहिल्या पावसांबरोबर. त्या सुमाराला वेलाच्या बाजूंवर ऊन पडायला हवं, म्हणून पांगाऱ्याच्या आणि गिरिपुष्पाच्या फांद्या आताच उतरवतात. सगळ्या नाही. फांदी छाटल्यावर येणारा नवा कोंब झाड स्वतःच्या खोडात साठवलेल्या पिठावर काढतं. सगळीच पानं काढून घेतली तर हा साठा खरवडला जातो आणि झाड खंगतं. दोन-तीन फांद्या ठेवा. उतरवलेला पाला मिरीच्या आणि केळीच्या बुडात पसरा.

फणसाच्या खालच्या, कुळागराकडे आलेल्या फांद्या काढल्या तर चालतील. जायफळांच्या बाबतीत एक गोष्ट बघा. जायफळात नर झाड वेगळं, मादी वेगळी. रोपं बियांपासून केलेली असतील तर त्यात निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि परागासाठी दहा माद्यांमागे एक नर पुरतो. फळ कधीच न धरलेली झाडं मोजा. नुसतं ऊन अडवून बसलेले एक-दोन जास्तीचे नर तुमच्याकडे असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र झाड तोडायचं तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी काढावी लागते. स्वतःच्या कुळागरातलं असलं तरी. मोठ्या फांद्यांबद्दलही त्यांना आधी विचारलेलं बरं.

आणि एक सांभाळा. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूची सावली काढू नका. उतरत्या दुपारचं ऊन पोफळीच्या खोडावर थेट पडलं की खोड भाजतं, तिथे चिरा पडतात आणि काही वर्षांनी पोफळ नेमकी तिथेच मोडते. ऊन वरून यायला हवं, बाजूने नको. कुळागर उघडं करायला सांगितलं म्हणून एकाने पश्चिमेची सगळी झाडं साफ केली आणि मग पोफळींच्या खोडांना झावळ्या बांधत बसला, हे मी पाहिलेलं आहे. ऊन-वारा खेळता झाला की पावसाळ्यात ओल लवकर सुकते, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगालाही तेवढाच आळा बसतो.

आता मिळालेल्या ऊर्जेचं झाड करतं काय, याकडे येऊ, कारण तुमच्या पानांच्या धंद्याचा संबंध इथे आहे. पानावर पडलेल्या उन्हातले शंभरातले एक-दोन भागच शेवटी पिकाच्या अंगी लागतात. पानाने साखर केली तरी ती सगळी घडात जात नाही. झाड रात्रंदिवस श्वास घेतं, म्हणजे तीच साखर ऑक्सिजनबरोबर जाळून स्वतःचं काम भागवतं, आणि कमावलेल्यातलं निम्म्याच्या आसपास यातच खर्च होतं. उरलेल्यातून वाढ आणि साठा.

केळीचं तर वागणं फार स्पष्ट आहे. केळफूल बाहेर पडलं की त्या झाडाला नवीन पान येत नाही. त्या दिवशी जी पानं उभी आहेत तेवढ्यांवर घड भरायचा. आठ तरी चांगली पानं असली तर घड नीट भरतो, असं केळीतले जाणकार धरून चालतात. आता सांगा, चवथीच्या आठवड्यात तुम्ही पानं कापता ती कुठल्या केळीची? हाताशी येणारी, रुंद, न फाटलेली पानं बघून कापत असाल आणि त्यात घड धरलेल्या केळी असतील, तर पानाचे पैसे घडातून वळते होतात. पानांसाठी वेगळ्या केळी राखा, कडेच्या उघड्या जागेत. घडाच्या केळीला फक्त वाळलेल्या आणि रोगट पानांसाठीच कोयता लावायचा.

मुनव्यांचंही तेच. आईच्या गड्ड्यातून निघालेले मुनवे सुरुवातीला तिच्याच साठ्यावर पोसले जातात. एका बुडाशी पाच-सहा मुनवे ठेवले तर घडाचा वाटा सहा ठिकाणी जातो. एक घडाचं झाड, एक त्याच्यामागचं, फार तर एक पिल्लू. ठेवायचा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा. लहानपणीच रुंद पानं काढून बसलेला मुनवा दिसायला बाळसेदार वाटतो, पण त्याच्या बुडाशी गड्डा लहान असतो.

हळदीची कथा जरा वेगळी. केळीचा माल वर लटकतो, हळदीचा जमिनीखाली, म्हणून नुकसान लगेच दिसत नाही. नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी पानं हवीतच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही त्या खातो. पण श्रावणात हळदीचं रोप अजून पानं उभारत असतं. गड्डे भरण्याचं खरं काम पुढच्या महिन्यांत होतं आणि ते या पानांनीच करायचं असतं. एका रोपाचं एखादं पान घ्या आणि पुढच्या रोपाकडे जा. झुडूपच्या झुडूप बोडकं केलं तर जानेवारीत खणताना बोटाएवढी हळद निघते आणि मग बियाण्याला दोष दिला जातो. सुरणाचं पान तर एकच असतं, छत्रीसारखं. ते पिवळं होऊन आडवं पडेपर्यंत सुरण खणू नका. ते पान मरता मरता स्वतःत उरलेलंही खाली पाठवून देतं.

अननसाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण त्याची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. तो रंध्रं रात्री उघडतो. दिवसा उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून, उजेडात, त्याची साखर करतो. पानफुटीचंही असंच चालतं. बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रासकडे असताना त्याला पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागलं. त्याने हे कळवलं ते १८१५ मध्ये छापून आलं. आंबटपणा जातो कुठे, याचा उलगडा व्हायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला. तर, कोरडवाहू कडेला उन्हात लावायची चीज तुम्ही फणसाखाली लावली असेल, तर ती बाहेर काढा. पाणी कमी पडलं तरी अननस निभावून नेईल. ऊन मात्र त्यालाही हवंच.

सासूबाईंचं गुळाचं पाणी. त्यांना नाराज करू नका, पण गूळ झाडाच्या पोटात जात नाही. तो मातीतले जिवाणू आणि बुरश्या खातात. मुळांतून साखर वर चढून घड भरत नाही. वाट नेहमीची उलटी आहे, पानातली साखर खाली मुळांकडे जाते आणि त्यातली काही झाड मुद्दाम मुळांभोवतीच्या बुरश्यांना देतं, त्या बदल्यात स्फुरद मिळवतं. मातीतल्या या जिवांना खायला घालायचंच असेल तर गुळापेक्षा पाला आणि शेणखत स्वस्त पडतं आणि टिकतंही जास्त. शेणात अजून जळण्यासारखा बराच माल शिल्लक असतो. गोबरगॅस पेटतो तो त्याच्यावरच. त्यामुळे कुळागरातला पाला झाडून, ढीग करून काडी लावायची सवय असेल तर ती आजपासून बंद. तो मातीचा खाऊ आहे.

गुळाच्या पाण्याचं पिंप झाकून बरेच दिवस ठेवलं तर काय होतं, हे काजूच्या हंगामात कुणीही सांगेल. निरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, आंबतो तसंच ते आंबतं. हवा नसली की यीस्टला साखरेतून फार थोडी ऊर्जा काढता येते. ऑक्सिजन असताना एका ग्लुकोजमागे कितीतरी जास्त एटीपी मिळतात, नसताना अवघे दोन. बाकीची ऊर्जा मद्यात तशीच शिल्लक राहते, म्हणून तर चांगल्या फेणीला काडी लावली की निळी ज्योत धरते. ते पिंप झाडाच्या मुळात ओतण्यात काही अर्थ नाही.

मानकुरादाचं थोडक्यात. एका वर्षी भरपूर धरला की फळं पोसण्यात फांद्यांतला साठा संपतो, आणि फळांतल्या बियांकडून निघणारी जिबरेलिन ही संप्रेरकंही पुढच्या मोहोराला अडवतात. जुन्या झाडांचा हा स्वभावच आहे. आतली, एकमेकांवर चढलेली फांदी काढून मध्यावर ऊन पाडा, फरक थोडा पडेल. दरवर्षी सारखा आंबा मात्र त्याच्याकडून मागू नका.

राहिला रेंदेर. सूर म्हणजे माडाच्या पानांत बनलेली साखर, घडाकडे निघालेली, पोय म्हणजे फुलोऱ्याचा कोंब कापून वाटेतच अडवलेली. त्यात शेकडा १२ ते १८ भाग साखर असते, म्हणजे लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास, ६०० किलोकॅलरी. कापलेल्या पोयीला नारळ धरत नाहीत, हे उघड आहे. पण ऊर्जेच्या हिशेबात हा सौदा माडाला वाटतो तितका महाग नाही. नारळात माड साखर साठवत नाही, तेल साठवतो, कारण आतल्या कोंबाला महिनोन्‌महिने त्या शिदोरीवर काढायचे असतात आणि तेलात तेवढ्याच वजनात साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मावते. मात्र एक ग्रॅम तेल बनवायला सुमारे तीन ग्रॅम साखर मोडावी लागते. सूर देताना हा बनवण्याचा खर्च वाचतो.

तेव्हा प्रश्न उरतो भावाचा आणि माडाच्या तब्येतीचा. धडधाकट माडावर तिसाच्या आसपास झावळ्या असतात, महिन्याला साधारण एक नवी येते आणि प्रत्येकीच्या बगलेत एक पोय. नारळ पोय उमलल्यापासून वर्षाने तयार होतो, म्हणजे आज सूर काढलेल्या पोयींचा तोटा तुम्हाला पुढच्या वर्षी पाडपात, म्हणजे नारळ उतरवताना, दिसेल. रेंदेर महिन्याला काय देतो ते विचारा आणि त्या माडांच्या गेल्या वर्षीच्या नारळांशी ताडून बघा. माटवासाठी, म्हणजे मांडवासाठी, हिरव्या झावळ्या ज्यांच्या काढल्या असतील ते माड देऊ नका, त्यांची कमाई आधीच कापलेली आहे. तीन मागतोय म्हणता. भरगच्च शेंड्याचे दोन द्या, आणि वर्षाने बदलून दुसरे दोन.